खाडीचं पाणी वर्षभर मोजायचं आहे: तारीख धरावी की तिथी?

खाडीकाठ
दाभोळ खाडीच्या काठची मच्छीमार सोसायटी आणि एक माध्यमिक शाळा मिळून यंदाच्या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत खाडीची तब्येत नोंदवायची, असं ठरतंय. ‘पूर्वी इथं पाग (फेकायचं जाळं) टाकला की बोय मासळी मिळायची, आता नाही’ हे सगळेच सांगतात, पण दाखवायला आकडे कुणाकडेच नाहीत.

कच्चा आराखडा असा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला होडी काढायची. पाच ठिकाणं: दाभोळ-वेलदूरचं मुख, मधली दोन, जगबुडी नदी मिळते त्याच्या जरा खाली एक आणि वर चिपळूणजवळचं गोवळकोट. प्रत्येक ठिकाणी बादलीने पाणी घ्यायचं. तापमान, पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवर मोजायचा. सीओडी आणि बीओडीसाठी (पाण्यातल्या घाणीला रसायनाने आणि जिवाणूंकडून किती ऑक्सिजन लागतो ते) बाटल्या खाजगी प्रयोगशाळेत पाठवायच्या. हाताशी साधारण चाळीस हजार रुपये आहेत. यात काय चुकतंय, काय राहून जातंय ते मोकळेपणाने सांगा.

सागरवेळ
आधी ‘पहिला रविवार, सकाळी नऊ’ हे खोडून टाका. या आराखड्यातली सगळ्यात मोठी चूक तीच आहे, आणि ती दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही.

नदीत रोज एकाच वेळी गेलं तरी चालतं, कारण पाणी एकाच दिशेने वाहतं. खाडीत तसं नाही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे एका रविवारी नऊ वाजता तुमच्या बाटलीत समुद्राचं पाणी असेल आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी, त्याच वेळी नदीचं. दोन आकड्यांत फरक दिसला तर प्रदूषण वाढलं की फक्त ओहोटी होती, हे वर्षाअखेरीस कुणालाच सांगता येणार नाही.

उपाय आपल्या किनाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, बाराच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सुकती पहाटे पाच-साडेपाचला. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचा छापील तक्ता घ्या. पण महिन्याची आखणी तिथीवर करा. तिथी तीच ठेवली की भरतीची अवस्था आणि घड्याळातली वेळ, दोन्ही आपोआप जवळपास तीच राहतात.

रानजाई
म्हणजे होडीत पंचांग ठेवायचं :) छान वाटलं वाचून. वाचनखूण साठवली आहे.

रसायन_चिपळूण
सागरवेळ यांना अनुमोदन. आता यादीकडे वळू.

टीडीएस मीटर घेऊ नका. स्वस्त मीटर साधारण दहा हजार पीपीएमपर्यंतच मोजतात आणि समुद्राचं पाणी पस्तीस हजारांच्या घरात असतं. मुखाजवळ तो नुसता ‘मर्यादेबाहेर’ दाखवत बसेल. त्याऐवजी खारेपणा (किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार) मोजणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, दीड-दोन हजारांत येतो. काचेवर दोन थेंब टाका, झाकण दाबा, उजेडाकडे धरून वाचा. दर वेळी निघण्यापूर्वी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य जुळवा. काचेखाली बुडबुडा राहिला की निळी-पांढरी रेघ फिकट आणि तिरकी दिसते, मग तो आकडा लिहू नका. घेताना तो समुद्राच्या पाण्यासाठी आहे की साध्या मिठाच्या द्रावणासाठी, ते विचारा. मिठाचा असेल तर पस्तिशीच्या आसपास एक-दीड अंकाचा फरक पडतो.

खारेपणा हा खाडीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. तो शेजारी नसेल तर बाकीच्या एकाही आकड्याचा अर्थ लागत नाही.

दुसरं म्हणजे सीओडी. खाडीच्या पाण्याची सीओडी काढणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. डायक्रोमेट पद्धतीत क्लोराइडचंही ऑक्सिडेशन होतं आणि आकडा खोटा फुगतो. ते दाबायला मर्क्युरिक सल्फेट घालतात, पण नेहमीच्या पद्धतीत ते लिटरमागे २००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच पुरतं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड १९,००० च्या आसपास असतं. हिशेब केला तर खारेपणा साडेतीनच्या वर गेला की तो अहवाल विसरायचा. प्रयोगशाळा अहवाल देते, शिक्का मारते, आणि कुणीतरी तो बैठकीत फडकावतो. समोरचा रसायनशास्त्रज्ञ एका वाक्यात तो निकाली काढतो आणि त्याबरोबर तुमचे बाकीचे चांगले आकडेही बुडतात.

बीओडी करा, पण फक्त वरच्या दोन ठिकाणी. बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. अहवालावर ‘३ दिवस, २७ अंश’ की ‘५ दिवस, २० अंश’ ते लिहून घ्या. आपल्याकडे दोन्ही चालतात आणि लोक नकळत एकमेकांशी तुलना करतात.

पागवाला
तिथीचं बरोबर सांगितलंय. एक भर घालतो. तक्ता मुखाचा असतो, गोवळकोटचा नाही. भरती आत शिरायला वेळ घेते आणि ओहोटी वर जास्त वेळ रेंगाळते. दाभोळला पाणी परतायला लागलेलं असतं तेव्हा वर अजून चढतच असतं.

यासाठी धक्क्यावर एक मोजपट्टी लावा, दर दहा सेंटिमीटरला ऑइलपेंटची रेघ. एक दिवस सलग तेरा तास बसून दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची लिहा. हेच एकदा उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) आणि एकदा भांगाला (अष्टमीच्या लहान भरतीला) करा. मग मुख आणि तुमचं ठिकाण यांच्यातला फरक कायमचा हातात येतो.

दुसरी गोष्ट फक्त आपल्या खाडीची. कोयनेचं वीज तयार करून सोडलेलं पाणी कोळकेवाडीहून वाशिष्ठीत, म्हणजे या खाडीच्या मुख्य नदीत, येतं. त्यामुळे इथं उन्हाळ्यातही गोडं पाणी असतं, बाकीच्या कोकणातल्या खाड्यांसारखं नाही. जनित्रं चालू झाली की वरच्या अंगाला पाणी वाढतं, गार होतं आणि खारेपणा उतरतो. नोंदवहीत ‘वरून पाणी सोडलेलं आहे का’ असा रकाना ठेवा.

सागरवेळ
@पागवाला, हा मुद्दा फार मोलाचा आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवू दिलं आहे, आणि ते सगळं शेवटी याच खाडीत येतं. जयगड किंवा बाणकोटच्या खाडीचे आकडे समोर ठेवून इथली तुलना केली तर फसगत होईल.

निवटी
मला एक कळलं नाही. एकच तिथी धरायची तर कुठली?

सागरवेळ
दोन धरा, महिन्यातून दोन फेऱ्या.

पहिली अमावास्येची, पहाटेच्या सुकतीची. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची सुकती पहाटे येते हे फार सोयीचं आहे. रात्रभर शेवाळ आणि जिवाणू ऑक्सिजन वापरत असतात, उजेड नसल्याने नवा तयार होत नाही, त्यामुळे पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्याच वेळी पाणीही सगळ्यात उथळ आणि नदीकडचं असतं. खाडीची सगळ्यात वाईट घटका तीच. ती तेवढी नीट पकडली तरी निम्मं काम झालं.

दुसरी अष्टमीची, दुपारच्या सुकतीची. भांगाला पाण्याची ये-जा कमी, म्हणून वरून आलेली घाण तिथेच घुटमळते. ती या फेरीत दिसते.

आणि दुपारचा ऑक्सिजन भरपूर दिसला म्हणून खूश होऊ नका. ३० अंशाला, खारेपणा ३० असताना पाण्यात साधारण ६.४ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो. दुपारी दोनला ८ आला तर ती सव्वाशे टक्के संपृक्तता झाली, म्हणजे शेवाळ माजलंय. त्याच जागी दुसऱ्या पहाटे दोन-अडीच येऊ शकतो.

मॅन्ग्रोव्ह_मावशी
बादली मात्र काढून टाका हो. बादलीतून बाटलीत पाणी ओतलं की हवा मिसळते आणि वाईट पाणीही चांगलं दिसतं. शिवाय बादली फक्त वरचं पाणी आणते. पावसाळ्यात गोडं पाणी वर आणि खारं जड पाणी खाली असतं. ऑक्सिजन आधी तळाला संपतो, वर पत्ताही लागत नाही.

साधा नमुनापात्र घरी करता येतो. दोन लिटरचा रुंद तोंडाचा मजबूत डबा, तळाला शिसं नाहीतर जाळ्याचे गोळे बांधून जड केलेला. आत ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली उभी. डब्याच्या झाकणाला दोन नळ्या. एक नळी थेट बाटलीच्या तळापर्यंत, दुसरी झाकणाच्या आत जेमतेम संपणारी, हवा बाहेर जायला. दोरीने खाली सोडताना बाहेरच्या तोंडाला बूच, आणि हव्या त्या खोलीवर दुसऱ्या दोरीने बूच ओढायचं. पाणी आधी बाटली भरतं, मग बाटलीवरून ओसंडून डबा भरतो. डबा भरेपर्यंत बाटलीतलं पाणी चार-पाच वेळा बदललेलं असतं, म्हणून सुरुवातीला हवेला लागलेलं पाणी आत उरत नाही. बुडबुडे यायचे थांबले की वर ओढा.

दर ठिकाणी दोन नमुने: वरून अर्धा मीटर आणि तळापासून अर्धा मीटर वर. तळाला टेकवू नका, चिखल ढवळतो.

डिजिटल_दर्या
एवढा खटाटोप कशाला? ऑक्सिजन मीटर घ्या, सेन्सर पाण्यात सोडा, अर्ध्या मिनिटात आकडा. बाटल्या, रसायनं, ब्युरेट हे सगळं जुनं झालं.

रसायन_चिपळूण
@डिजिटल_दर्या, चांगला ऑप्टिकल मीटर असेल तर तुमचं म्हणणं मान्य. पण तो या बजेटमध्ये बसत नाही. स्वस्त पडद्याच्या मीटरचे तीन घोळ असतात.

एक, खारेपणाची दुरुस्ती. मीटरमध्ये खारेपणा शून्य ठेवला आणि सेन्सर समुद्राच्या पाण्यात घातला तर ३० अंशाला ६.२ च्या जागी ७.५ दाखवतो. वीस टक्के जास्त! दर ठिकाणी आधी रिफ्रॅक्टोमीटर, मग तो आकडा मीटरमध्ये भरायचा, मग ऑक्सिजन. दोन, पडद्यावर चिखल-शेवाळाचा थर बसतो आणि आकडा महिन्यागणिक हळूहळू उतरतो. तो उतार खाडीचा वाटतो, असतो पडद्याचा. तीन, असा सेन्सर स्वतः ऑक्सिजन खातो, म्हणून तो पाण्यात सावकाश हलता ठेवावा लागतो. स्थिर धरला की कमी दाखवतो.

विंकलर पद्धत, म्हणजे बाटलीत रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची, जुनी आहे, पण तिच्या आकड्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. मीटर घेतलात तरी दर फेरीत दोन बाटल्या विंकलरने करा आणि मीटर त्यावर तपासा.

कृती अशी:
बाटली काठोकाठ भरलेली, आत एकही बुडबुडा नाही. मँगनीज सल्फेटचं द्रावण २ मिलि., पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली धरून. मग अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिलि., दुसऱ्या पिपेटने. पिपेटची अदलाबदल झाली की दोन्ही रसायनांच्या बाटल्या वाया जातात, म्हणून पिपेटना लाल आणि निळा दोरा बांधून ठेवा. बूच लावून पंधरा-वीस वेळा उलटीसुलटी करा. चॉकलेटी साका दिसेल. तो अर्ध्यापर्यंत बसू द्या, पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. साका पांढरा राहिला तर ऑक्सिजन शून्य. ते पाहिलंत की ठिकाण, वेळ लिहा आणि लगेच दुसरी बाटली घ्या, खात्रीसाठी.

होडीत इथवरच. बाटल्या अंधारात ठेवा, बुचाच्या वाटीत थोडं पाणी घालून. काही तास त्या टिकतात. किनाऱ्यावर आल्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल २ मिलि., साका विरघळून चहासारखा सोनेरी रंग येतो. त्यातलं २०० मिलि. घ्या, ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. रंग गवतासारखा फिका पिवळा झाला की स्टार्चचे थेंब टाका, निळा होईल. निळा जाईल तो शेवट. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. ५.६ मिलि. लागलं तर ऑक्सिजन ५.६. गुणाकार-भागाकार काही नाही.

स्टार्च फार लवकर घातला तर निळा रंग चिकटून बसतो आणि शेवट पुढे सरकतो. पंधरा-वीस मिनिटांनी निळा परत आला तर दुर्लक्ष करा, पहिला शेवटच धरा. थायोसल्फेट जुनं होतं तसं पातळ पडतं. दर फेरीआधी पोटॅशियम डायक्रोमेटवर तपासा.

शाळामास्तर_गुहागर
कळकळीची विनंती: तीव्र आम्ल आणि अझाइड मुलांच्या हातात देऊ नका. अझाइड विषारी आहे. आम्ल घालणं आणि उरलेलं द्रावण हाताळणं फक्त शिक्षकांनी, हातमोजे-चष्मा घालून. उरलेलं द्रावण खाडीत ओतू नका, कॅनमध्ये साठवून प्रयोगशाळेकडे द्या. मुलांकडे तापमान, खारेपणा, सेक्की तबकडी (पाणी किती गढूळ ते मोजायची), मोजपट्टी आणि नोंदवही द्या. टायट्रेशनचा शेवट ओळखायला मात्र मुलांचे डोळे उत्तम असतात, तेव्हा त्यांना शेजारी उभं करा.

सेक्की तबकडी शाळेतच बनते. २० सेंटिमीटर व्यासाचा पत्रा, चार पाकळ्या, दोन काळ्या दोन पांढऱ्या, मध्ये भोक, खाली वजन, दर दहा सेंटिमीटरला खूण केलेली न ताणणारी दोरी. होडीच्या सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. गॉगल घालून वाचू नये. पहाटेच्या फेरीला तबकडी निरुपयोगी, ती फक्त अष्टमीच्या दुपारी.

गोवळकोटकर
आणि गोवळकोटच्या बाजूला पाण्यात उतरायचं नाही! वाशिष्ठीत मगरी आहेत. पहाटेच्या सुकतीला त्या चिखलाच्या कडेलाच असतात. तिथले सगळे नमुने होडीतून किंवा धक्क्यावरून.

मॅन्ग्रोव्ह_मावशी
हे ठळक अक्षरात हवं. खाली चिखलात काम करतानाही एकट्याने जाऊ नये. पायाखाली रुंद फळी, पायात बूट. कालवं पाय कापतात.

चिखलाचा विषय निघालाच आहे तर सांगते. सगळे पाण्याच्या मागे लागलेत. पाणी दिवसातून दोनदा बदलतं, चिखल तिथेच राहतो. महिन्यापूर्वी रात्री कुणी काय सोडलं ते पाण्यात सापडणार नाही, चिखलात सापडेल.

सगळ्यात सोपी कसोटी: पाच सेंटिमीटर व्यासाचा पारदर्शक पाइप, एक फूट लांब. सुकतीला चिखलात सरळ दाबा, वरचं तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि ओढून काढा. काचेतून थर दिसतात. वर बदामी-तपकिरी, खाली काळा. तपकिरी थर किती जाड आहे ते पट्टीने मोजा. जिवंत चिखलात खेकडे, किडे, शिंपले बिळं करून हवा खाली नेतात, तपकिरी थर काही सेंटिमीटर उतरलेला असतो आणि काळ्यातसुद्धा बिळांच्या कडेने तपकिरी रेघा दिसतात. काळा थर अगदी पृष्ठभागापासून सुरू झाला आणि कुजक्या अंड्याचा वास आला तर तिथे श्वास घेणारं फारसं काही उरलेलं नाही. कांदळवनाच्या आत मात्र काळा चिखल आणि तो वास नैसर्गिकच असतो, म्हणून हे तिवरांच्या बाहेर, उघड्या मळईवर (चिखलाच्या सपाट पट्ट्यावर) करा.

मग २५ × २५ सेंटिमीटरची चौकट. आतला चिखल पंधरा सेंटिमीटर खोल काढून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत खाडीच्याच पाण्याने धुवा. उरतं ते ताटात ओतून मोजा: शिंपले किती, किडे किती, किती प्रकारचे. संख्येपेक्षा प्रकार महत्त्वाचे. शेकडो जीव, पण सगळे एकाच जातीचे बारीक लाल धाग्यासारखे किडे, हे वाईट लक्षण आहे. सेंद्रिय घाण वाढली की केपिटेलासारखे किडे माजतात आणि बाकीचे हद्दपार होतात. प्रत्येक ठिकाणी किमान तीन चौकटी घ्या, कारण चिखल हातभर अंतरावर बदलतो. हे वर्षातून दोनदा पुरे: पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि नंतर नोव्हेंबरात.

पागवाला
निवटीची (चिखलात राहणाऱ्या माशाची) आणि खेकड्यांची बिळंही मोजा. चौकट टाकायची, पाच मिनिटं गप्प बसायचं, जीव बाहेर येतात. काठावरच्या बायका मुळे-तिसऱ्या (शिंपले) कुठे काढतात आणि कुठे काढायचं सोडून दिलं, तेही नकाशावर लिहा. ती जागा सोडली म्हणजे काहीतरी कारण आहे.

रसायन_चिपळूण
मावशींचं पटलं. पारा, कॅडमियम, शिसं तपासायचं तर पाण्यात नको, चिखलातच. वरचा दोन सेंटिमीटर थर, प्लास्टिकच्या चमच्याने, लोखंडी फावड्याने नाही. स्वच्छ पिशवीत भरून गोठवून पाठवा. धातू बारीक कणांना चिकटतात, म्हणून प्रयोगशाळेला ६३ मायक्रॉनखालचा भाग वेगळा काढून मोजायला सांगा. नाहीतर एका ठिकाणी वाळू जास्त म्हणून धातू कमी दिसतील आणि तुम्ही ती जागा स्वच्छ समजाल.

अमोनियासाठी नेसलरचं किट घेऊ नका. खाऱ्या पाण्यात ते गढूळ होतं, शिवाय त्यात पारा असतो. खाऱ्या पाण्यासाठीचं सॅलिसिलेट किट घ्या. अमोनियाच्या शेजारी पीएच आणि तापमान हवंच. ३० अंशाला पीएच ७ असेल तर अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ८ झाला की सात टक्क्यांच्या आसपास असतो. तोच अमोनिया वर निरुपद्रवी आणि मुखाकडे मासे मारणारा ठरतो.

मांडवीतीर
गोव्यातून लिहितोय. मांडवी-जुवारीत पावसाळ्यात गोडं पाणी इतकं येतं की खारेपणा मुखाकडे ढकलला जातो, आणि डिसेंबरनंतर तो हळूहळू आत चढत जातो. तुमच्याकडे कोयनेमुळे चित्र वेगळं असेल, पण पहिल्या वर्षी प्रत्येक फेरीत ‘खारेपणा ५ कुठे संपतो’ ती जागा होडीतून शोधून जीपीएसवर टिपा. एका आकड्यात खाडीची स्थिती कळते. स्थिर पाच ठिकाणांइतकंच हे उपयोगी आहे.

दर्यावर्दी७
मूळ प्रश्न तब्येतीचा आहे, तर मासे मरतात तेव्हा काय करायचं हे कुणीच लिहिलं नाही. दर पावसाच्या सुरुवातीला मासे मेलेले दिसतात. ते कारखान्यांचं पाणीच, त्यात तपासायचं काय?

सागरवेळ
@दर्यावर्दी७, तपासायचं ते एवढ्याचसाठी. पहिल्या लोंढ्याबरोबर चार महिन्यांची कुजकी पानं, गटारं, शेणखत सगळं वाहून येतं आणि ऑक्सिजन एकदम पडतो. खारेपणा एका रात्रीत उतरतो, त्यानेही शिंपले मरतात. कारखान्यांनी पावसाच्या आडून पाणी सोडलेलं असणंही शक्य आहे. तिन्हींत मेलेला मासा सारखाच दिसतो. नोंद नसेल तर समोरचा पहिलं कारण पुढे करतो आणि विषय संपतो.

दर्यावर्दी७
पण दरवेळी ‘नैसर्गिक’ म्हणून हात झटकतात, त्याचा राग आहे लोकांना.

मॅन्ग्रोव्ह_मावशी
राग रास्तच आहे. म्हणूनच सोसायटीत एक तयार पेटी ठेवा. कळल्यापासून तासाभरात पोचायचं, कारण एक भरती आली की पुरावा गेला.

आधी ऑक्सिजन, पीएच, खारेपणा, तापमान: मेलेल्या जागी, तिथून वर आणि तिथून खाली. मग बघा, मासे कसे मरतायत? ऑक्सिजन संपला असेल तर जिवंत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करतात, बहुधा पहाटे, आणि मोठे आधी मरतात. विष असेल तर ऑक्सिजन ठीक असूनही लहानमोठे, खेकडे, कोलंबी सगळे एकदम, दिवसाच्या कुठल्याही वेळी, आणि मासे वेडेवाकडे उसळतात. ही लक्षणं म्हणजे निकाल नव्हे, पण पुढे काय तपासायचं ते त्यातून कळतं. फक्त शिंपले गेले आणि खारेपणा शून्याजवळ असेल तर पाऊस.

नमुने: काचेच्या तपकिरी बाटलीत दोन लिटर, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल, कीटकनाशकं आणि सेंद्रिय रसायनांसाठी. प्लास्टिकच्या बाटलीत एक लिटर, धातूंसाठी, नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणलेलं. मासे तडफडणारे किंवा नुकतेच मेलेले घ्या, गिल्स अजून लाल असलेले. फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात. फुगलेला मासा प्रयोगशाळेच्या काही कामाचा नाही.

वकील_सावंतवाडी
कायद्याचं थोडं. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा कोर्टात चालणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, संबंधिताला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करून घ्यावा लागतो. तुमची बाटली त्या अर्थाने पुरावा नाही. म्हणून मासे मेले की पहिला फोन प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला, लगेच ईमेल, त्यात वेळ आणि जीपीएस. तुमच्या वर्षभराच्या नोंदींचं वजन वेगळ्या ठिकाणी पडतं: ‘या जागी अमावास्येच्या पहाटे एरवी इतका ऑक्सिजन असतो, त्या दिवशी इतका होता’ हे दुसरं कुणीच सांगू शकत नाही.

निकष कुठला धरायचा तेही लिहून ठेवा. किनारी पाण्याच्या वर्गवारीत एसडब्ल्यू-२, म्हणजे आंघोळ आणि व्यावसायिक मासेमारी, यासाठी ऑक्सिजन ४ मिलिग्रॅम किंवा ५० टक्के संपृक्तता, यातलं जे जास्त ते. बीओडी ३, पीएच ६.५ ते ८.५, विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये १००. शिंपल्यांच्या जागांना एसडब्ल्यू-१, तिथे ऑक्सिजन ५ किंवा ६० टक्के.

चेसापीककाठ
मेरीलँडमध्ये राहते. इथल्या चेसापीक उपसागराची पद्धतशीर मोजणी १९८४ पासून चालू आहे. त्यातून घ्यायची गोष्ट उपकरणांची नाही, शिस्तीची आहे. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा घ्यायचा आणि दोन्ही आकडे लिहायचे. विंकलरच्या जोडीत ०.२ पेक्षा जास्त फरक आला तर त्या फेरीच्या आकड्यांवर खूण करायची, पण खोडायचे नाहीत. मोजलं नाही तिथे रकाना रिकामा ठेवू नका आणि शून्यही लिहू नका, ‘मोजलं नाही’ असं लिहा आणि कारण लिहा. पाच वर्षांनी शून्य म्हणजे नक्की काय, हे कुणालाच आठवत नाही.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा पूर्ण बदलला आहे:

अमावास्येला पहाटेची सुकती आणि महिन्यातली एक अष्टमी, दुपारची सुकती. तीच पाच ठिकाणं, पण जगबुडीच्या संगमाच्या खाली एकऐवजी वर आणि खाली अशी दोन, म्हणजे सहा. वरचा आणि तळाचा नमुना. रिफ्रॅक्टोमीटर, विंकलर, पीएच, तापमान, अष्टमीला सेक्की. बीओडी आणि अमोनिया वरच्या दोन ठिकाणी. चिखल मे आणि नोव्हेंबरात. सीओडी, टीडीएस, बादली रद्द. सोसायटीत मासे-मरणाची पेटी. नोंदवहीत कोयनेच्या पाण्याचा रकाना आणि ‘खारेपणा ५’ ची जागा.

एक अडचण: पहाटे साडेपाचला सहा ठिकाणं एकाच सुकतीत कशी गाठायची?

पागवाला
दोन होड्या करा. एक मुखापासून वर, एक गोवळकोटहून खाली. वरच्या होडीने घाई करू नये, तिथली सुकती उशिरा येते. खालून निघालेली होडी सुकतीच्या मागोमागच वर जाते, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाणी जवळपास त्याच अवस्थेत मिळतं. अमावास्येला काळोख असतो, दोन्हीकडे विजेऱ्या आणि लाइफ जॅकेट हवीतच.

सागरवेळ
उत्तम. दोन्ही होड्या मधल्या ठिकाणी भेटतील, तिथे दोघांनीही बाटली घ्या. दोघांच्या हाताचा फरक त्यातूनच कळेल.

रसायन_चिपळूण
पीएचचं टोक डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. दोन फेऱ्यांच्या मध्ये कधी एक, कधी तीन आठवडे जातात, तेवढ्यात ते खराब होतं.

पागवाला
आणि धक्क्यावर पट्टी लावताना तिचं शून्य रोजच्या सुकतीच्या पातळीला धरू नका. मोठ्या उधाणाच्या सुकतीला उतरा, पाणी जिथवर जातं त्याच्याही फूटभर खाली शून्य ठोका. नाहीतर पहिल्याच अमावास्येला पाणी पट्टीच्या खाली गेलेलं असेल.